सोजरबाईंची गुढी आणि मच्छिंद्रकाकांची छत्री

नऊ वर्षांत मी मच्छिंद्रकाकांना फार तर पंधरा वेळा पाहिलं असेल. ऐकलं मात्र रोज. ते कुठल्या तरी गच्चीवर आणि मी, तेजस्विनी, बुधवार पेठेतल्या आमच्या ऑफिसात स्क्रीनसमोर. बिनतारी इंटरनेटची छत्री खांबाला ठोकायची आणि लांबच्या दुसऱ्या छत्रीच्या नेमकी समोर आणायची, हे त्यांचं काम. माझं काम फोनवर त्यांना सिग्नलचे आकडे वाचून दाखवायचं. वजा ऐंशी म्हणजे भिकार, वजा साठ म्हणजे झकास. वजा म्हणायचे कष्ट आम्ही केव्हाच सोडले होते.

"किती हाय?"

"सत्तर."

"आता?"

"पंच्याहत्तर. उलटी फिरवलीत."

"मग आधी सांगायचं न्हाय का?"

खाली असताना हा माणूस चहासुद्धा मुकाट्यानं पितो. वर गेला की सुटतो. "पोरी, आकडा राहू दे, हे ऐक. तीन गच्च्या पलीकडं एक बाई सुनेच्या तक्रारी टाकीला सांगतीय. टाकी ऐकतीय पण." मग स्वतःच खो खो हसणार. मला कामं पडलेली असत, पण फोन ठेववत नसे.

तर काकांनी पंचावन्न ओलांडली, गुडघा वाजायला लागला, आणि अभिनव नावाच्या आमच्या नव्या साहेबांनी त्यांना गोडाऊनमध्ये बसवायचं जवळपास ठरवलं. "गोडाऊनला छप्पर असतं," एवढंच काका म्हणाले. मला त्या साहेबाचा इतका राग आला की दोन दिवस मी त्याला नुसतं "हो सर" म्हणत होते. पुण्यात याहून वाईट काही बोलता येत नाही.

पाडव्याला सकाळी दहा वाजता कात्रजची लिंक झोपली. सत्तर घरांचं इंटरनेट बंद. अभिनव म्हणाला, "काकांना पाठव. बाराच्या आत चालू झाली तर शिडीवर राहतील. नाहीतर उद्यापासून गोडाऊन."

काका चार मजले चढून गच्चीवर पोचले आणि फोनवर आधी हसणंच ऐकू आलं. "पोरी, आपल्या खांबाला गुढी बांधलीय."

घरमालकीण सोजरबाईंना गल्लीत सगळ्यांत उंच गुढी हवी होती. काठी बांधताना छत्री वाकडी झाली होती, आणि वर तांब्या, खाली जरीची साडी, दोन्ही छत्रीच्या तोंडासमोर.

"गुढी काढायला सांगा," अभिनव फोनमध्ये म्हणाला.

फोन सोजरबाईंनी घेतला. "साहेब, दिवस कलल्याबिगर गुढी उतरत न्हाय. तुमचं इंटरनेट उतरवा."

अभिनवनं कपाळाला हात लावला. मी तोंड फिरवून हसले.

"बाईचं बराबर हाय," काका म्हणाले. "गुढी ऱ्हाऊ दे. छत्री टाकीवर नेतो."

सिमेंटच्या टाकीच्या माथ्यावर एक जाड लोखंडी अँगल रिकामा होता. काकांनी छत्री सोडवून पाठीला बांधली, पट्टा अडकवला, पान्हा दातांत धरला आणि चढले. फोन शर्टाच्या खिशात, आवाज मोठा केलेला. मी वाचायला लागले. शहाऐंशी. एक्क्याऐंशी. मी वाचलेला आकडा सोजरबाई खाली गल्लीत ओरडून सांगत होत्या आणि श्रीखंडाची वाटी हातात घेतलेली माणसं तो पुढं पोचवत होती. चौऱ्याहत्तर. सगळी गल्ली आमच्या कामाला लागली होती.

अकरा पन्नासला अभिनवनं माझ्या हातातला फोन काढून घेतला. "एकोणसत्तर, काका. थोडी डावीकडे. नाही नाही, माझं डावं. सहासष्ट." खुर्ची सोडून तो उभाच राहिला. टाय खांद्यावर गेला होता. "चौसष्ट. अजून केसभर. एकसष्ट. हलवू नका, काका, श्वासही घेऊ नका."

बाराला पाच कमी असताना लिंक उठली आणि कात्रजच्या गल्लीत टाळ्या पडल्या. आम्ही दोघं ऑफिसात उड्या मारत होतो आणि आपण साहेब आहोत, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं.

त्यानं घसा खाकरला. "काका, सोमवारी येरवड्याला दोन खांब आहेत. शिडी जरा उंच आहे. याल ना?"

वरून काहीच आवाज आला नाही. नऊ वर्षांत असं कधी झालं नव्हतं. नुसता वारा ऐकू येत होता. मी फोन ओढून घेतला. "काका, आहात ना?"

"हाय की. डोळे पुसतोय. एकच हात मोकळा हाय, म्हणून येळ लागला."