पैसे वाटेत आहेत

लेकराला चांदोमामा दाखवावा तसा ताई दुकानाचा मोबाईल उजव्या हातात उंच धरायच्या, टाचा उचलायच्या आणि समोरच्या गिऱ्हाइकाला शांतपणे सांगायच्या, "बसा जरा. पैसे वाटेत आहेत."

तलासरीच्या पुढे, गुजरातच्या हद्दीवरच्या अच्छाडच्या अलीकडे हायवेला लागून आमचं सुपरमार्केट होतं. सुपरमार्केट म्हणजे काय, मोठं किराणा दुकानच. पण ट्रॉल्या चार होत्या आणि एसी एक होता. त्या एसीखाली बसणारा माणूस मी. बाहेर पाटीवर नाव शेठचं आणि आत टेबलावर पाटी माझी, 'मॅनेजर'. ताई कॅश काउंटरवर. वय चाळिशीच्या आसपास, उधव्याच्या एका पाड्यावर सासर, माहेर अच्छाड नाक्याजवळ. दुकानात सगळेच त्यांना ताई म्हणत, त्यांच्याहून मोठे होते तेसुद्धा.

कामावर आल्या त्या पहिल्या दिवशी त्यांनी पगार विचारला नाही. काउंटरमागच्या फिरत्या खुर्चीकडे बघून म्हणाल्या, "साहेब, ही माझीच ना? मधेच उठा म्हणणार नाय ना कोणी?"

"तुमचीच, ताई. कोण कशाला उठवेल?"

त्याआधी पंधरा वर्षं त्यांनी बोर्डीच्या वाडीत चिकू निवडले होते, जमिनीवर बसून. दुसऱ्या दिवशी येताना जुन्या लुगड्याचं खुर्चीला बेतून शिवलेलं कव्हर घेऊन आल्या. हिरव्या रंगाचं, नाडी बांधायचं. खुर्ची रोज पुसायची आणि मगच बसायचं. दुकानातल्या एकाही वस्तूवर इतका जीव लावलेला मी पाहिला नाही, आणि त्या दुकानात काजूसुद्धा होते.

नोटाबंदीच्या पुढच्या वर्षी शेठच्या मनात आलं की आपल्याकडेही मोबाईलवर पैसे घ्यायचे. हे काम अर्थातच माझ्याकडे आलं, कारण मी मॅनेजर आणि माझ्याकडे मोठा मोबाईल. क्यूआर कोडचा तो ठिपक्याठिपक्यांचा कागद मी काउंटरवर चिकटवला, तो उलटा. वरचं नाव खाली डोकं वर पाय झाल्यावर ते माझ्या लक्षात आलं. पण डिंक पक्का बसला होता. मग मी काय करावं? गिऱ्हाइकांनी मोबाईल उलटा धरून स्कॅन करावं, अशी सूचना लिहून लावली. आठ दिवस तलासरीची माणसं माझ्यासाठी मोबाईल उलटा धरत होती. शेवटी एका कॉलेजच्या मुलीने सांगितलं, "काका, तो कसाही धरला तरी चालतो." सूचना मी गुपचूप काढली. ताई हसल्या नाहीत. फक्त हिशेबाच्या वहीवर दोन मिनिटं डोकं खाली घालून बसल्या.

उद्घाटनाला मीच पहिलं गिऱ्हाईक झालो. शेठ, शेठचे पाहुणे, मागे रांग. मी ऐटीत एक काडेपेटी घेतली आणि पिन विसरलो. तीन वेळा चुकीचा आकडा टाकल्यावर मोबाईलनेच मला बाहेर काढलं. काडेपेटी सोडता येईना, पैसे देता येईनात. ताईंनी आतून लाल प्लास्टिकचं स्टूल आणून काउंटरशेजारी ठेवलं. "बसा, साहेब."

त्या स्टुलाचा पहिला कैदी मी.

त्यानंतर ते स्टूल कधी रिकामं राहिलं नाही. तुम्हीही कुठे ना कुठे असं अडकला असाल: आपल्या खात्यातून पैसे गेलेले, दुकानाला पोचलेले नाहीत, हातात पिशवी आहे आणि दाराबाहेर जायची सोय नाही. आमच्याकडे तर नेटवर्कचीच फाळणी झालेली. कांद्याच्या क्रेटजवळच्या खिडकीत महाराष्ट्र यायचा, साबणाच्या कपाटाशी गुजरात. मेसेज आल्याशिवाय गिऱ्हाइकाला सोडायचं नाही, हा नियम मी केलेला. आणि ताईंना शिकवणीही मीच दिली होती. इंग्रजी मेसेज वाचायला त्यांना वेळ लागेल, मागे रांग वाढेल, म्हणून मी सोपं करून सांगितलं, "टिंग वाजलं की पैसे आले. टिंग वाजलं की सोडायचं."

तोवर माणसं बसायची. कोणी वैतागून विचारायचं, "ताई, कुठवर आले हो पैसे?"

"मुंबईहून निघाले. आता चारोटीला पोचले असतील."

"आज फारच उशीर!"

"चारोटीला चहाला थांबले असतील. तुमीपण घ्या."

एक म्हातारबाबा इतका वेळ अडकले की विकत घेतलेल्या भुईमुगाच्या शेंगा सोलून सोलून त्यांनी तिथेच संपवल्या. टिंग वाजलं तेव्हा पिशवीत नुसती टरफलं. बाबा म्हणाले, "आता याचं पण वजन करा." ताईंनी खरंच टरफलं काट्यावर ठेवली आणि "बाबा, निम्म्याला निम्मं पोटात," असं सांगून आपल्या डब्यातली भाकरी त्यांच्यापुढे केली.

आणि मग तो रविवार. तुफान गर्दी. पांढऱ्या गाडीतून एक कुटुंब आलेलं, ट्रॉली शिगोशीग भरलेली, तेलाचे दोन डबे, गव्हाच्या गोण्या. मी टेबलाशी मेहुण्याशी फोनवर बोलत होतो. टीव्ही किती इंची घ्यावा, असा देशापुढचा प्रश्न होता. टिंग वाजलं. ताईंनी त्यांना सोडलं. गाडी वापीच्या दिशेने निघून गेली.

संध्याकाळी मेसेज जुळवताना मला ते टिंग सापडलं. पैशांचं नव्हतंच. मोबाईलने मधेच गुजरात पकडला होता आणि कंपनीने दुकानाचं स्वागत केलं होतं: वेलकम टू गुजरात.

दुसऱ्या दिवशी शेठ आले. काउंटरपुढे उभे राहून, सगळ्यांच्या देखत म्हणाले, "पैसा आव्या नथी, माणूस गेला. कोणी सोडला?"

आता टिंगची विद्या कोणी शिकवली, हे सांगायला फार तर एक वाक्य लागलं असतं. मी एसीकडे बघितलं. कधी नव्हे तो एसी नीट चालू होता. तरी माझी कॉलर ओली झाली.

"मी सोडलं," ताई म्हणाल्या.

शेठ ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "काउंटरवर नको. मागे बसवा." मागे म्हणजे गोदामात, डाळीच्या पुड्या बांधायला. ताई उठल्या. कव्हरची नाडी सोडली, चार घड्या घातल्या, पिशवीत ठेवलं आणि गेल्या. कोण कशाला उठवेल, असं मी म्हणालो होतो. उठवलं तेव्हा मी तीन हातांवर होतो.

काउंटरवर वापीकडची एक चटपटीत मुलगी आली. मी गोदामात जायचं टाळू लागलो. गेलोच तर डाळीच्या दर्जावर बोलायचो. ताई जमिनीवर पोत्यावर बसलेल्या असायच्या, मान वर करून म्हणायच्या, "डाळ चांगली आहे, साहेब." चार महिने आम्ही दोघांनी डाळीचंच कौतुक केलं.

एका दुपारी ती मुलगी बहिणीच्या लग्नाला गेली, म्हणून त्या दिवसापुरतं ताईंना काउंटरवर बोलावलं. त्यांनी कव्हर आणलं नव्हतं. मी घरी न्यायला आइस्क्रीमचा डबा घेतला, मोबाईल स्कॅन केला, माझे पैसे गेले आणि दुकानात काही आले नाहीत. दुकानात आम्ही दोघंच.

"बसा, साहेब. पैसे वाटेत आहेत."

"अहो ताई, मी मॅनेजर आहे!"

"नियम तुमचाच आहे."

बसलो. आइस्क्रीम आधी गोठलेलं होतं, मग मऊ झालं, मग डब्यात हलवलं की आवाज येऊ लागला. पळून जायला जागा नव्हती. माणसाला खरं बोलायला लावायचं तर कोठडी कशाला हवी, एक प्लास्टिकचं स्टूल पुरे. मी म्हणालो, "ताई, त्या दिवशीची चूक माझी होती. टिंगचं मीच शिकवलं होतं तुम्हाला. शेठपुढे बोलायला हवं होतं."

ताई मोबाईल उंच धरून उभ्या होत्या. हात खाली न घेता म्हणाल्या, "तुमाला आठवत नाय, साहेब. मी आलेली तुमच्याकडे."

"कधी?"

"तेव्हाच. मेसेज घेऊन. त्यात जी दिसला, पुढे जे दिसला. अच्छाडच्या नाक्यावर ट्रकच्या पाट्या बघत मोठी झाले मी, गुजरात मला कळतं. म्हटलं, साहेब, हे बघा जरा. तुमी फोनवर होता. बघितलंच नाय. म्हणालात, टिंग वाजलं ना? मग सोडा."

मला खरोखर आठवत नव्हतं. आणि आठवत नसूनही तो आवाज माझाच, हे लगेच ओळखू आलं.

"मग शेठना का नाही सांगितलंत?"

ताईंनी माझ्या टेबलाकडे पाहिलं. "तुमची पण खुर्चीच आहे ना, साहेब."

टिंग वाजलं. त्यांनी वाचलं. "गुजरात." मोबाईल पुन्हा उंच धरला. पुन्हा टिंग वाजलं. "हे तुमचे," त्या म्हणाल्या. "सुटलात."

त्याच संध्याकाळी मी शेठना फोन करून सगळं सांगितलं. चार महिने ज्याला घाबरलो तो स्फोट असा झाला: शेठ हसले. "अरे भाई, पहिला बोलायचा ने! बसव तेला परत." त्यांच्या मागे कुकरची शिट्टी वाजत होती. एवढंच.

सकाळी ताईंच्या आधी पोचून मी स्वतः खुर्ची पुसली. नऊ वाजले, दहा वाजले. अकराला गोदामातल्या मावशी निरोप घेऊन आल्या, "ती बोर्डीला गेली वाडीत, चिकूला. म्हणाली, साहेबांना सांग, तिथं खालीच बसायचं असतं, पण जमिनीवरनं कोणी उठवत नाय."

मी दोनदा बोर्डीला जायला निघालो आणि दोनदा डहाणूतूनच परत फिरलो. जाऊन काय सांगणार होतो? डाळ चांगली आहे?

पुढे ती नोकरी सुटली. पण अजूनही गाडी अच्छाडला पोचली की माझा मोबाईल टिंग करतो. मी गाडी बाजूला घेतो, चष्मा लावतो आणि तो मेसेज पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचतो. बायको दर वेळी वैतागते, "तेच तर असतं! काय वाचता रोज रोज?"

"असू दे," मी म्हणतो. "वाचलेलं बरं."