नानांची उलटीकडून लिहिलेली वही

माझ्या वडिलांना आधी मी गप्प केलं.
मरणाचा नंबर नंतर लागला.

आज नानांना जाऊन वर्ष झालं. मी त्यांना कसं गप्प केलं, हे घरात कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून इथे लिहिते.

नानांनी नारायणगुड्याच्या शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. माझ्या लग्नपत्रिकेतसुद्धा त्यांनी दोन स्पेलिंगं सुधारली होती.

आणि ब्याऐंशीव्या वर्षी हे गृहस्थ स्पॅनिश शिकायला बसले.

कारण लुसिया. माझा धाकटा भाऊ विनू स्पेनला असतो, बायको तिकडचीच. लुसिया त्यांची मुलगी. तिला स्पॅनिश सोडून काही येत नाही. विनूनं तिला मराठी शिकवली नाही, त्याबद्दल मी त्याच्यावर अजून चिडलेली आहे.

नाना चिडले नाहीत. म्हणाले, "पोरीला आपली भाषा येत नाही ना? मग मी तिची शिकतो."

इंग्रजी येणाऱ्यांसाठीचं एक जाडजूड स्पॅनिश पुस्तक त्यांनी मागवलं. रोज सकाळी चहानंतर दोन तास. मोठ्यानं पाठांतर.

"टेबल बाई, खुर्ची बाई, पलंगही बाई! पुरुषानं बसायचं कुठं मग?"

एकदा स्वयंपाकघरात आले, अगदी खुशीत. "अगं, 'मे गुस्ता' म्हणजे सरळ आपलं 'मला आवडतं'. इंग्रजीवाल्यांना हे समजवायला त्या पुस्तकानं दोन पानं खर्च केलीत. मला दोन मिनिटं लागली."

वहीत मात्र सगळं उर्दू लिपीत.

आमच्याकडच्या जुन्या माणसांचं हे असंच. नानांची पहिली शाळा निजामाच्या काळातली, उर्दू. किराण्याची यादीही ते उर्दूतच लिहायचे आणि मग मला वाचून दाखवायचे. मी म्हणायचे, "नाना, स्पॅनिश उर्दूत? कोण वाचणार?"

"कानानं ऐकलेलं माझा हात उर्दूतच लिहितो. तू शिक की. आठ दिवसांत शिकवतो."

मला वेळ नव्हता. मला कधीच वेळ नसायचा.

दोन वर्षं अशीच गेली. लुसियाच्या आठव्या वाढदिवसाला तिच्याशी पूर्ण स्पॅनिशमध्ये बोलायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. आदल्या दिवशी मला समोर बसवून सगळं म्हणून दाखवलं. कवळी हलत होती, एकेका शब्दावर अडत होते. मला ऑफिसचा फोन येत होता.

मी म्हणाले, "नाना, राहू द्या. ती पोरगी हसेल तुम्हाला."

एवढंच म्हणाले मी.

नानांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. शाळेतली उर्दू गेली, मराठी आली. पहिल्याच दिवशी मास्तरांनी वाचायला उभं केलं. मी पुस्तक मागच्या बाजूनं उघडलं, उर्दूचं उघडतात तसं. सगळा वर्ग हसला. मी वर्षभर त्या वर्गात तोंड उघडलं नाही."

मी "बरं" म्हणाले आणि फोन घेतला.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉलवर नानांनी नुसता हात हलवला. "हॅपी बर्थडे" म्हणाले. इंग्रजीत.

चार महिन्यांनी ते गेले.

त्यांचं सामानसुमान आवरताना एक वही हातात आली. पहिली पाच-सहा पानं उलटली. कोरी. मला वाटलं, माझ्या त्या बोलण्यानंतर नवी वही आणली असेल आणि लिहायची इच्छाच मेली असेल. बघवेना. कपाटात टाकून दिली.

परवा वर्षश्राद्धासाठी कपाटातून त्यांचा फोटो काढताना ती वही खाली पडली. पालथी.

शेवटच्या पानापासून जवळजवळ सगळी भरलेली होती.

मी त्यांची मुलगी. मला हे सुचायला हवं होतं.

काल वही घेऊन गौलीगुड्याला गेले. तिथे खादरसाब आहेत, बाइंडिंगवाले. नानांची पुस्तकं तेच बांधायचे. त्यांनी चष्मा लावला आणि लगेच म्हणाले, "मास्टरसाब का हात है, अम्मा. मोती के जैसा."

मग अडखळले. "हर्फ तो पढ़ लेतऊं. पन ये कौनसी जबान है? मेरे को कुछ बी समझ में नै आरा."

मी विनूला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ होती. लुसिया शेजारी दूध पीत बसली होती. मी म्हटलं, "खादरसाब, जो आखरी लिखा हुआ पन्ना है ना, वोइच पढ़ो. जोर से."

त्यांना अर्थ कळत नव्हता. मला अक्षर कळत नव्हतं. ते एकेक शब्द तोडून वाचत होते आणि ती पोर स्पेनमध्ये पेला खाली ठेवून ऐकत होती.

'मे गुस्ता' तेवढं मला कळलं.

लुसियानं पुन्हा वाचायला सांगितलं. खादरसाबांनी पुन्हा वाचलं. मग तिनं बापाच्या कुशीत तोंड घातलं.

विनू तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. शेवटी म्हणाला, "ताई, वर तिच्या वाढदिवसाची तारीख आहे. लिहिलंय, 'लुसिया, माझं बोलणं ऐकून तुला हसू आलं तर हस, बाळा. मला तुझं हसणं आवडतं.'"

म्हणजे त्यांची तयारी होती. मी तसं बोलल्यावरही ते आत जाऊन हे लिहून बसले होते. दुसऱ्या दिवशी फक्त मी शेजारी उभी होते, म्हणून ते बोलले नाहीत.

"क्या बोले मास्टरसाब?" खादरसाबांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी वही मिटली आणि दोन्ही हातांनी माझ्या हातात दिली.

नाना, काल तुमचं बोलणं तिनं ऐकलं.
दोनदा ऐकलं.

ती हसली नाही हो.

नमस्कार करते. माफ करा.