नवऱ्याच्या वाटणीच्या विड्या

सोलापूरच्या विडी घरकुलात, विडी कामगारांच्या त्या वसाहतीत, सुंदरम्माच्या हाताला कुणी नावं ठेवत नसे. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं, आणि बोटं आपली चालूच. तोंडही चालू, कारण गल्लीचा कारभार तिच्याशिवाय बघणार कोण? सासूनं तिला एक रीत घालून दिली होती. सकाळी सुपाला हात लावला की पहिल्या विड्या घरधन्याच्या, मग कारखान्याच्या. मल्लेशमसाठी ती कोवळं पान निवडायची, घट्ट वळायची. नवरा-बायकोत गोड बोलणं फारसं नव्हतंच. जे काही होतं ते त्या विड्यांत होतं.

मल्लेशमचा थोरला भाऊ छातीत कळ येऊन बसल्या जागी गेला, तेव्हा याचंही रक्त तपासलं. कोलेस्टेरॉल भलतंच निघालं. सुंदरम्मानं कंबर कसली. मटण बंद, तेलाला हात आखडता, गोळी रोज स्वतः द्यायची. सासूची रीत मोडताना रडली, पण मोडली. मल्लेशमनंही कुरकुरत विडी सोडली.

वर्षानं पुन्हा रक्त तपासलं. चरबी उतरली होती. सुंदरम्मा पेढे आणायच्या बेतात होती, तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी दुसरा कागद पुढं ओढला.

“मावशी, सीआरपी, म्हणजे अंगातली सूज सांगणारा आकडा, मात्र चढलेला आहे. दोनदा तपासला. जंतू आले की रक्तातल्या ज्या पेशी लढायला धावतात, त्या यांच्या अंगात उगाच खवळलेल्या दिसतात. त्यानं रक्तवाहिन्या आतून सुजतात. म्हणजे हृदयाचा धोका टळलेला नाही. विडी ओढतात का?”

“न्हाय वो. कवाच सोडली.”

“घरात दुसरं कुणी?”

सुंदरम्मानं हात पदराखाली घेतले. “वडत कुणी न्हाय. मी वळते. एकच खोली हाय, तंबाखू तितंच, झोपणं तितंच. त्याच्यानं असंल का, बाई?”

“असेल, नसेलही. आणखी दहा कारणं असतात. या तपासणीवरून नेमकं सांगता येत नाही. पण तंबाखूपासून लांब राहिलेले बरे.”

हो म्हणाल्या असत्या तर तिनं सुपाला लाथ मारली असती. नाही म्हणाल्या असत्या तर निवांत झोपली असती. आता धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. मल्लेशमचा कापडाचा माग बंद पडल्यापासून घर त्या सुपावरच चालत होतं. तोही रिकामं बसवत नाही म्हणून शेजारी बसून तिच्या विड्यांना दोरा बांधायचा.

दुसऱ्या दिवशी ती सूप घेऊन बाहेर लिंबाखाली जाऊन बसली. उन्हानं पानं वाळून चिरू लागली, वाऱ्यानं तंबाखू उडू लागली. घटकाभरानं मल्लेशम पाट घेऊन आला, तिला लागून बसला आणि दोऱ्याचं रीळ हातात घेतलं.

“आत बसा की. डॉक्टरीण काय म्हणली ते ऐकलं न्हाय का?”

“आत एकटा काय करू? भितीकडं बगत बसू?”

तिला त्याचा राग आला, मग स्वतःचा आला, आणि दोन्ही राग कुठं ठेवावेत ते कळेना. वारा कुठून येतो ते बघून ती उठली आणि त्याच्या पलीकडच्या अंगाला जाऊन बसली, म्हणजे धूळ त्याच्याकडं जायची नाही. तो दोरा बांधत राहिला. थोड्या वेळानं वारा फिरला. सुंदरम्मा सूप उचलून पुन्हा उठली.