पेल्यातला चहा आणि पाच शब्द

शेजारची शिरीन मूळची इराणची, इथे पुण्यात पीएचडी करते. प्रबंधासाठी तिच्या गावच्या म्हाताऱ्या माणसांना फारसीत विचारायचे प्रश्न आम्ही दोघी मिळून इंग्रजीत आणत होतो. प्रश्न सोपे होते. घोडं अडलं ते उत्तर म्हणून निवडायच्या पाच शब्दांवर, अगदी थोडं इथपासून पुष्कळ इथपर्यंत. मला फारसी येत नाही आणि शब्दकोश एकाला दहा शब्द काढून देतो. शेवटी मी वैतागून म्हटलं, "अगं, किती ते दाखव ना!"

तिने काचेचा पेला पुढे ओढला आणि किटलीतून चहा ओतायला लागली. तळ जेमतेम झाकला, तो पहिला शब्द. बोटभर चढला, तो दुसरा. अर्ध्यावर ती थांबली. "ताई, आमची माणसं बहुतेक इथेच थांबतात. तक्रार नको म्हणून."

मला आमच्या आईचं 'बरं चाललंय' आठवलं. त्यात किती दुखणी मावायची! माणसाच्या मनात किती आहे ते शब्दावरून कधी कळतं का? पण विचारावं तर लागतंच.

शेवटचा प्रश्न होता, उद्याची किती आशा वाटते? मी तो तिलाच विचारला. घरी जाऊन तिला बरीच वर्षं झाली आहेत.

ती पुन्हा ओतायला लागली. पेला इतका काठोकाठ भरला की उचलता येईना. मग हसत ती खाली वाकली आणि टेबलावरच्या पेल्यालाच ओठ लावले.