चाचा आणि चाचे

समुद्री चाच्यांच्या तावडीत सापडलेला माणूस आमच्या भोरमध्ये एकच, आणि त्यांना सगळं गाव चाचा म्हणायचं. या योगायोगाचा त्यांच्या बायकोला, म्हणजे चाचींना, फार ताप झाला.

चाचा मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होते. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ बंदूकवाल्यांनी ते जहाज पळवलं, तेव्हा चाचींचा अर्ज मी लिहिला. शेजारी, त्यातून शाळामास्तर, म्हणून. कचेरीतल्या कारकुनानं तो दोनदा वाचला. "चाच्यांनी पकडलं? मग घरगुती भांडण म्हणा की." समजावून सांगितल्यावर त्यानं विचारलं, "असले लोक अजून असतात? बरं, गुन्हा कुठल्या हद्दीत घडला?"

सात महिन्यांनी चाचा सुटून आले. लोकांना एका डोळ्यावर पट्टी बांधलेले दरोडेखोर ऐकायचे होते. चाचा सांगत, "स्लिपरा घातलेली पोरं होती. मासेमारी बुडालेली. रोजचा तंटा एकच, भातात मीठ कमी." लोकांचा हिरमोड व्हायचा.

एक गोष्ट मात्र रंगायची. जहाजमालकावर दबाव यावा म्हणून ती पोरं कैद्यांना घरी फोन करून रडायला लावत. "मला रडूच येईना," चाचा सांगत. "मग म्या कांदा चिरायला घेतला." चौकात हशा पिकायचा. चाची एकदा मला हळूच म्हणाल्या, "कांदे पहिल्याच महिन्यात संपले होते, गुरुजी. ते रडले, मी पण रडले. बोलायचं राहूनच गेलं."

अलीकडे पुन्हा एक जहाज पळवलं गेलं. त्यावर जवळच्याच किकवी गावचा एक तरुण होता. चाचा दुखरे गुडघे घेऊन एसटीनं त्याच्या आईकडे गेले, सोबत मी. "फोन आला तर रडायचं न्हाई, ताई," ते म्हणाले. "तो रडंल. तुमी आज काय रांधलं ते सांगा."

तीन दुपारी आम्ही नुसतेच बसून आलो. चौथ्या दुपारी फोन आला. पलीकडचे हुंदके आम्हालाही ऐकू येत होते. आईनं खाटेची कड घट्ट धरली. "वांगं केलंय," ती म्हणाली. "भाकरी हाय." हुंदके थांबले. मग आवाज आला, "आये, शेंगदाणं घातलंस का?"

चाचा उठून बाहेर ओट्यावर गेले.

तो तरुण सुटला. पेढे घेऊन भोरला आला, तेव्हा चाचांना वारून आठवडा झाला होता. चाचींनी त्याला जेवायला बसवलं. जेवता जेवता तो म्हणाला, पुढच्या महिन्यात दुसरं जहाज मिळतंय, मार्ग तोच. चाचींनी त्याच्या ताटात आणखी भात वाढला.