सुरतेची साक्ष, दुरुस्तीसह

सुरतेला मी काय पाहिलं आणि काय केलं, हे खरं सांगायचं मी आठ वर्षं टाळत आलो. नुसता गप्प बसलो असतो तर एक वेळ चाललं असतं. पण मी खोटं सांगितलं. आधी चर्चमध्ये रविवारच्या उपासनेत उभं राहून साक्ष दिली, मग आपल्या मंडळीच्या मासिकात दोन पानं लिहिली. तो लेख वाचून पुष्कळांनी मला वाटेत थांबवून हात जोडले. आता मी एकोणऐंशी वर्षांचा आहे. तोच प्रवास पुन्हा लिहितो, या वेळी जसा झाला तसा.

जानेवारी सरत आला होता. नंदुरबारहून सकाळच्या गाडीत बसलो. मी निवृत्त मुख्याध्यापक आणि मंडळीचा जुना सेक्रेटरी. सगळी गाणी मला पाठ, आणि ठराव लिहावा तर मीच. पण आत्मिक दान म्हणतात तसं माझ्यापाशी काही नव्हतं. कामासाठी सुरतेला गेलेली आपली माणसं नाताळला गावी यायची, टाळ्या वाजवून गायची. कोणी आत्म्याने भरून अन्य भाषांत, स्वतःलाही न कळणाऱ्या, बोलायचा, कोणी आजाऱ्यासाठी प्रार्थना करायचा. मी पहिल्या बाकावर बसून घड्याळाकडे बघायचो आणि मनात म्हणायचो, प्रभू, इतकी वर्षं तुझं दप्तर सांभाळतोय, मलाही एक दे. सुरतेतल्या गोडादऱ्याला आत्मिक दानांसाठी तीन दिवसांची सभा आहे असं कळलं आणि मी पिशवी भरली.

नवापूर स्टेशनावर गाडी थोडी थांबते. तिथला एक बाक अर्धा महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. एक आजीबाई बरोबर मधोमध बसून दोन्ही राज्यांत बोरं खात होत्या. समोरच्या बाकावर शिरपूरकडचा एक यंत्रमाग कामगार होता. त्याने विचारलं, "बाबा, कथा जाई राह्यनात?" (कुठे निघालात?)

"सुरतेला. प्रार्थनासभेला."

"काय भेटस तठे?" (तिथे काय मिळतं?)

"दान मिळतं," मी जरा ऐटीत म्हणालो.

"मंग पिशवी इतली धाकली काब्र लयनात?" (मग पिशवी एवढी लहान का आणलीत?)

सगळा डबा हसला. मीही हसलो. त्याने मला अर्धा पेरू दिला, तिखट-मीठ लावून. सोनगडच्या सागाच्या टेकड्या मागे पडल्या, बारडोलीचा ऊस आला. मग उसातून एकेक धुराडं डोकं वर काढू लागलं आणि हवेला रंगाचा आंबूस वास आला. सुरतेच्या अलीकडचं उधना आलं होतं.

रिक्षातून गोडादऱ्याकडे जाताना पुढच्या टेम्पोवर साड्यांचे गठ्ठे इतके उंच रचले होते की वर बसलेला माणूस विजेच्या तारा आल्या की आडवा व्हायचा. गल्ली अरुंद होत गेली तशी यंत्रमागांची खडखड वाढली. घरांच्या भिंतीही बारीक थरथरतात तिथे. रिक्षावाल्याने गुजरातीत काहीतरी विचारलं, मी मराठीत काहीतरी उत्तर दिलं, आणि त्याने मला अचूक मांडवापाशी सोडलं.

मांडवात हजारभर माणसं असतील. गाणं इतकं जोरात चाललं होतं की यंत्रमागही ऐकू येईनात. संध्याकाळी उपदेशकांनी सांगितलं, ज्यांना दान हवं त्यांनी पुढे यावं. मी गेलो. छातीवर बिल्ला लावलेले एक पन्नाशीचे गृहस्थ माझ्यासाठी नेमलेले होते. ते म्हणाले, "काका, हालेलुया बोलत राहा. भरभर. जीभ ढिली सोडा."

मी सुरू केलं. ते थांबवत म्हणाले, "इतकं चोख्खं नको काका. शाळेत शिकवता काय?"

"शिकवत होतो."

"तेच. विसरून जाव बधूं." (सगळं विसरा.)

माझ्या शेजारी एक फिटर गुडघे टेकून होता. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तो अशा भाषेत बोलत होता जी मी कधी ऐकली नव्हती. त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो खोटा असता तर मला ओळखू आला असता. वर्गात इतकी वर्षं काढली आहेत. त्याला खरंच मिळालं होतं. मी डोळे मिटले, वेग वाढवला, आणखी वाढवला, आणि माझी वरची कवळी निसटून सतरंजीवर पडली.

मासिकात मी लिहिलं होतं, "त्या क्षणी एका सामर्थ्याने मला भूमीवर लोटले." दुरुस्ती: मला कोणी लोटलं नव्हतं. मी कवळी शोधायला वाकलो होतो. बिल्लेवाल्या गृहस्थांचा मात्र गैरसमज झाला. ते "स्तुती हो!" असं ओरडले आणि आजूबाजूचे सगळे माझ्यासाठी टाळ्या वाजवू लागले. मी दोन्ही हातांनी सतरंजी चाचपत होतो. तेवढ्यात पाण्याची कळशी घेऊन फिरणारी एक बाई माझ्यासमोर बसली.

"सलाम, गुरुजी. ही तुमचीच ना? थांबा, धुऊन देते."

ती मार्थाबाई होती.

आता आमची जुनी हकिकत सांगायला हवी. त्याच्या वीस वर्षं आधी मार्थाबाई आपल्या शाळेच्या वसतिगृहात स्वयंपाक करायची. शिक्षण चौथीपर्यंत. एकदा तापाने फणफणलेल्या एका मुलीच्या डोक्यावर हात ठेवून तिने प्रार्थना केली आणि मुलगी उठून बसली. त्यानंतर लोक तिच्या चुलीपाशी रांग लावू लागले. मी पंच कमिटी बोलावली. ठराव मीच लिहिला: मार्थाबाईने यापुढे कोणाही आजाऱ्यावर हात ठेवू नये, हात ठेवण्याचा अधिकार पाळकांचा व मंडळीने नेमलेल्या वडिलांचा. तो उपासनेत वाचूनही मीच दाखवला. ती पदर सावरून ऐकत राहिली. त्याच साली ती नवऱ्याबरोबर सुरतेला गेली.

आणि आता तीच मला दात धुऊन आणून देत होती. "मांडवात कशाला झोपता? थंडी आहे. घरी चला," ती म्हणाली. मी आढेवेढे घेतले. ती म्हणाली, "गुरुजी, बिनदातांचे तुम्ही नाही म्हणता ते मला हो असंच ऐकू येतं."

तिची खोली एका गल्लीच्या टोकाला होती. नवरा वारला होता. मुलगा जवळच्या सचिन गावातल्या रंगाच्या मिलमध्ये कामाला, पाळी संपवून आठवड्याने यायचा. घरी ती आणि सून सरला. दोघी दिवसभर साड्यांवर खडे चिकटवायच्या, त्यामुळे घरात जिथे बसावं तिथे उठताना आपण चमकत उठायचो. ताटात शेवभाजी होती, कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी, आणि वाटीत पोंक (आपला ज्वारीचा हुरडाच, पण सुरतेचे लोक त्यात लिंबू-मिऱ्याची शेव घालतात). मी तीन वेळा पोंक मागून घेतला. इतकं मनापासून कित्येक वर्षांत जेवलो नव्हतो.

सकाळी सरलाने कोपऱ्यावरून लोचो आणला (वाफवलेलं हरभरा डाळीचं पीठ, ढोकळा करता करता मऊ राहिल्यासारखं, वरून तेल आणि शेव). मी ते भाकरीसारखं तोडायला गेलो आणि बोटं भाजून घेतली. "गुरुजी, चमचा असतो त्याला," सरला म्हणाली. मग पुरुष कामावर गेल्यावर गल्लीतल्या सात-आठ बाया जमल्या. काही विश्वासी होत्या, काही नव्हत्या. अमळनेरकडच्या हिराबाई शेजारीण म्हणून आल्या होत्या. त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता, चार महिने वेणी सून घालत होती.

"काय करू माय," त्या म्हणाल्या, "हातच वर जास नही."

बाया त्यांच्याभोवती उभ्या राहिल्या, आणि मी पाहत राहिलो. प्रत्येकीने आपले दोन्ही हात पाठीमागे नेऊन घट्ट धरले. सगळ्या डोळे मिटून प्रार्थना करत होत्या, काही रडत होत्या, आणि एकीचाही हात पुढे येत नव्हता. जगात कुठेही मी अशी प्रार्थना पाहिली नव्हती.

सरला माझ्याकडे वळली. "गुरुजी, बरं झालं तुम्ही आलात. हात मागे का धरायचे, त्याचा अर्थ काय? आत्याबाईंनी शिकवलं तसं आम्ही करतो. विचारलं की म्हणतात, गावाकडच्या मोठ्यांनी घालून दिलंय."

ते मोठे म्हणजे मी. वीस वर्षं. इथे तिला कोणी पाहणारं नव्हतं, विचारणारं नव्हतं, आणि तिने माझा ठराव पाळला होता. नव्या बायांनी ती शिक्षा रीत म्हणून उचलली होती. एक वाक्य बोललो असतो तर त्याच क्षणी ते सगळे हात सुटले असते.

मी घसा साफ केला आणि म्हणालो, "ती नम्रतेची खूण आहे. सामर्थ्य आपलं नाही, हे दाखवण्यासाठी."

बायांनी माना डोलावल्या. मार्थाबाई माझ्याकडे बघत होती. मग हसली. म्हणाली, "बघा, इतकी वर्षं मला कुठं माहीत होतं!" त्या हसण्यात टोमणा होता की माया, हे मला आजही सांगता येणार नाही. लगेच म्हणाली, "तुम्ही तर मंडळीचे वडील आहात, तुम्हाला मुभा आहे. हिराबाईंवर हात ठेवा."

मी हिराबाईंच्या डोक्यावर हात ठेवला. मला काही सुचेना. नेहमीची वाक्यं आठवेनात. मी फक्त म्हणालो, "प्रभू, ह्यांचं ऐक." ह्यांचं म्हणजे त्या बायांचं. आणि मग मला जे झालं ते मी मासिकात लिहिलंच नव्हतं: मला हसू आलं. पोटातून, लहान मुलासारखं. गल्लीतली खडखड, सरलाच्या कपाळाला चिकटलेला एक खडा, हात पाठीमागे बांधून उभ्या असलेल्या त्या बाया, सगळं इतकं भरलेलं वाटलं की आणखी काही मागायला जागाच नव्हती. हिराबाईही हसू लागल्या. मग सगळ्याच. कोणाला विचारलं असतं का हसता, तर सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिराबाई दारात आल्या. उजव्या हातात फणी होती. दारातच त्यांनी वेणी सोडली आणि स्वतः घालून दाखवली, वाकडीतिकडी, मधेच कण्हत, पण स्वतः. "देखा माय!" मार्थाबाईने टाळी वाजवली, मग एकदम आठवल्यासारखे हात मागे नेले.

सभेचे उरलेले दिवस मी मांडवात मागे बसून गायलो. पुढे गेलो नाही.

निघताना मार्थाबाई उधना स्टेशनावर आली. डब्यात घारी (सुरतेची खव्याची मिठाई) होती, पिशवीत पोंक. मी रिक्षात सगळं बोलणं जुळवून ठेवलं होतं. फलाटावर तिला म्हणालो, "मार्थाबाई..." ती म्हणाली, "काय गुरुजी?" मी म्हणालो, "ह्या डब्याचं झाकण घट्ट बसतं ना?" ती म्हणाली बसतं. गाडी आली.

परतल्यावर पहिल्याच रविवारी मी उपासनेत उभा राहिलो. म्हणालो, सुरतेच्या सभेत मला आरोग्य देण्याचं दान मिळालं आणि माझ्या हातून एक बाई बरी झाली. मार्थाबाईचं नाव घेतलं नाही, गल्लीचं घेतलं नाही, त्या बायांचं तर नाहीच. पाळक साहेबांनी मला मिठी मारली. त्यानंतर तुमच्यापैकी अनेकांच्या घरी मी आजाऱ्यांसाठी आलो. तुम्ही चहा दिलात, मान दिलात. कोणी बरं झालं असेल तर ते देवाने केलं. माझ्याकडे ते दान कधी नव्हतं. मला सुरतेला जे मिळालं ते एवढंच, की दुसऱ्याला मिळालेलं पाहून पहिल्यांदा मनापासून आनंद झाला. तेही घरी पोहोचेपर्यंत मी गमावलं.

मार्थाबाई दर नाताळला फोन करायची. "सलाम गुरुजी, दात जागेवर आहेत ना?" असं विचारून खदखदून हसायची. मीही हसायचो. सात नाताळ गेले. दर वेळी मी म्हणायचो, पुढच्या फोनला सांगू. गेल्या पावसाळ्यात सरलाचा फोन आला की आत्याबाई प्रभूकडे गेल्या, दोन दिवसांच्या तापात.

महिनाभराने मी सरलाला फोन करून खरं काय ते सांगितलं: ती रीत नव्हती, ती शिक्षा होती, आणि शिक्षा देणाऱ्याच्या मनात असूया होती. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे हात ठेवले तर चालतं?"

"चालतं. केव्हाही चाललं असतं."

"गुरुजी," ती म्हणाली, "तुम्हाला आधी सांगायला काय झालं होतं?" मग तिचा आवाज बदलला. "हिराबाईंना सांगते. त्या सगळ्यांच्या आधी येतील." पुढच्या आठवड्यात तिने कळवलं की बाया पहिल्यांदा हात ठेवायला गेल्या तर सगळ्यांचे हात एकाच डोक्यावर आपटले, आणि आजारी बाईसकट सगळ्या हसून हसून खाली बसल्या.

एवढी दुरुस्ती झाली. जिला सर्वांत आधी सांगायचं होतं तिला सांगितलं नाही. रिक्षात जुळवलेलं बोलणं असं होतं:

मार्थाबाई, तुम्हाला दान मिळालं आणि मला मिळालं नाही, एवढाच तुमचा गुन्हा होता. ठरावात मी मंडळीच्या शिस्तीचं कारण लिहिलं. ते खरं नव्हतं. तुमच्याकडे लागलेली रांग मला बघवत नव्हती. तो ठराव माझा होता, देवाचा नव्हता. मला माफ करा.