मूसाच्या फोनातला माझा आवाज

मूसा मिस्त्री गेल्याचं त्याच्या बहिणीला मी कळवलं, ही चूक. दुसऱ्या कुणीही कळवायला हवं होतं. माझा आवाज ऐकून धर्मापुरीहून खातूनआपांनी एवढंच विचारलं, "पुन्हा?" आणि फोन ठेवून दिला.

त्यांचं बरोबर होतं. गेवराईत मूसाचं इंजिनदुरुस्तीचं दुकान. गेल्या वर्षी नदीतली वाळू चोरून उपसणारे वाळूवाले त्याच्या मागं लागले होते... नदीत ये, पंप चालू करून दे. तो जाईना. मग नव्या नव्या नंबरांवरून फोन, आणि एकदा, "घर ठावं हाय तुझं." फोन वाजला की त्याच्या हातातला पाना थांबायचा. मोबाईलनं आपोआप फोन उचलून निरोप ऐकवायची सोय त्याचा दोस्त म्हणून मीच शोधली. मूसा म्हणाला, "माज्या आवाजात टाक. म्हनतो, मी येनार न्हाई. बस." मला ते मिळमिळीत वाटलं. मोबाईल ओढून घेत मी बातम्या दिल्यासारखा बोललो, "मूसा मिस्त्री आता या जगात नाहीत. कृपया फोन करू नये." तो हसला. "मेल्याला कोन बोलावतंय बे?"

निरोप फक्त वाळूवाल्यांसाठी होता. मी तो सगळ्यांनाच लावून बसलो. दुसऱ्या दिवशी तो ऐकून आपा जीप करून, वाटभर रडत आल्या, तर भाऊ दुकानात टरबूज खातोय. त्यांनी आधी त्याला कवटाळलं, मग चप्पल काढून माझ्याकडं वळल्या. वाळूवाल्यांचे फोन मात्र बंद झाले, म्हणून मूसानं निरोप पुसू दिला नाही. आपांचा आणि त्याच्या बायकोचा, भाभींचा, नंबर तेवढा त्यातून काढला. माझा काढला नाही.

आणि आता हार्ट अटॅकनं तो अंगणात खरंच निजलेला. असरच्या, दुपार उतरतानाच्या नमाजनंतर दफन ठरलेलं. मी फोन लावतोय, आपा तो कट करतायत. माणसं जमलेली, मौलवीसाहेब माझ्याकडं बघतायत... शेवटी भाभींच्या मोबाईलवरून नंबर लावून त्यांच्याच हातात दिला. भाभींना हुंदकाच फुटला. पलीकडून आपाच म्हणाल्या, "निघाले." मय्यत सूर्यास्ताच्या मगरिबपर्यंत थांबवली. चेहरा तेवढा त्यांना बघायला मिळाला.

परवा दुकानात आपा भेटल्या. मूसाचा मोबाईल भिंतीवरच्या खिळ्याला, पिशवीत, भाभींनी अजून चार्जिंगला लावलेला. काय वाटलं कुणास ठाऊक, मी नंबर लावला. माझाच आवाज आला, त्याच थाटात... मूसा मिस्त्री आता या जगात नाहीत.

"त्याचा आवाज हाय का रे कुठं?" आपांनी विचारलं.

नव्हता. निरोप टाकताना तो काय म्हणाला होता, ते मी सांगितलं.

"एवढं एक वाक्य बोलनार होता तो," आपा म्हणाल्या. "ते बी तूच खाल्लंस."